मनात वाचा

चहा येईस्तोवर ऐक. आमच्या गल्लीत तालमीच्या माडीवर नवीन वाचनालय झालंय न्हवं, तिथं काल आईला घेऊन गेलतो. साठी उलटल्यावर आई नातीकडनं वाचायला शिकली. अजून अक्षराला अक्षर जोडून वाचती, पण वाचती लेका!

आत गेल्या गेल्या तिनं पेपर उचलला, खिडकीजवळ ऐसपैस बसली आणि कुस्तीच्या मैदानाची बातमी सुरू केली. आवाज तर तुला म्हाईत हाय. पळालेली म्हस जागेवर थांबवणारा.

ग्रंथपाल बाई पुण्याच्या. हळूच जवळ आल्या. "आजी, इथं मनात वाचायचं असतं."

आई म्हणाली, "मनात? का? चोरी कराय लागलोय व्हय?"

"तसं नाही हो. पण सगळे मनातच वाचतात."

"त्यास्नी ल्हानपणापास्नं येतंय, बाई. मी आत्ता शिकलो. मनात वाचलं तर मला वाचाय येतंय हे लोकांस्नी कळणार कसं?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी छाती काढून म्हणालो, "आमची आई हाय."

तेवढ्यात खालनं, तालमीतनं, एक पैलवान वरडला, "मावशी, मधीच का थांबलासा? कुस्ती कुणी मारली ते सांगा की!"

आईनं चष्मा नीट केला आणि बाईंना विचारलं, "आता बोला. ह्यास्नी मनात सांगू व्हय?"