उलटं झाकण

बंद करा हो ते फोनवरचं. आवाज कमी नका करू, बंदच करा — दवाखाना आहे हा, तुमच्या घरचा दिवाणखाना नाही. काय म्हणालात? पथ्याचं काहीतरी बघताय? मग जगात दुसरं कुणी शिकवणारं उरलं नाही का? ‘रोजच्या स्वयंपाकातले पौष्टिक शाकाहारी प्रकार’ — पाठ आहे मला ते, झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवेन, त्याच लाडिक आवाजात, ‘मैत्रिणींनो’ म्हणून. मैत्रिणींनो! घरातल्या बाईशी दोन शब्द धड बोलायला हिला वेळ नाही आणि अख्खं जग हिची मैत्रीण. ओळखते म्हणजे? जाऊ आहे ती माझी. सख्ख्या धाकट्या दिराची बायको, एका घरात राहतो, एका ओट्यावर स्वयंपाक करतो. डोळे नका एवढे मोठे करू. तुमच्यासारख्या रोज भेटतात मला, भाजीच्या दुकानात, लिफ्टमध्ये — ‘अय्या, म्हणजे तुम्हाला रोज असलं खायला मिळतं? किती भाग्यवान हो!’ मिळतं ना. काल रात्रीच मिळालं. म्हणून तर इथे बसलेय या बाकावर.

आत कोण आहे? सासरे. आबा. सलाइन लावलंय, काल रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब टिकत नाही, सकाळी तर डोळेसुद्धा उघडत नव्हते. या वयात अंगातलं पाणी गेलं की काय होतं ते डॉक्टरांनी सांगितलं आम्हाला, फार गोड शब्दांत सांगितलं, म्हणून जास्त भीती वाटली. तुमचं कोण आहे? मालक? पित्ताशय काढलं? मग त्यांना ते हिरवंगार, लालचुटूक वाडग्यातलं देणार आहात तुम्ही? द्या, द्या. शेजारचा पलंग रिकामाच आहे आबांच्या. अहो बाई, ऑपरेशन झालेल्या माणसाला काय द्यायचं हे फोनला काय विचारता? दुधी घ्या, साल काढा, मूठभर मुगाची डाळ घाला, चिमूटभर हळद, आणि शिजू द्या — शिजू द्या म्हणजे बोटात धरलं की विरघळलं पाहिजे. डावानं घोटा. दिसायला कसंही दिसेल, चिखलासारखं दिसेल, दिसू दे. पोटाला काय डोळे असतात? पण तुम्हाला चिखल नको, तुम्हाला रंग पाहिजे. रंगच खा मग.

आता लावलंच होतंत तर एक सांगा, ते गाजर चिरणारे हात बघितलेत? भराभर चिरते, नजर न टाकता, एकसारखे तुकडे — कमेंटमध्ये लोक त्या हातांचं कौतुक करतात. कुणाचे आहेत ते हात? हे. हे बघा, अंगठ्याखाली भाजल्याची खूण, कुकरच्या वाफेची. दिसली? आता लावा तुमचं, लावा, थांबवून बघा — आहे की नाही खूण? चेहरा तिचा, हात माझे. तिला चिरताच येत नाही धड, सुरी अशी धरते जशी काही पेन्सिल. आधी ती बोलून घेते, हसून घेते, मग मला हाक — ‘वहिनी, जरा हात द्या ना.’ हात द्या! अक्षरशः हातच. आणि बांगड्या काढून या म्हणते, तिच्या बांगड्या घाला, म्हणजे लोकांना वाटेल तीच. घालते मी. नवरा म्हणतो, तुझं काय जातं? काही नाही जात. आयत्या बिळावर नागोबा बसला तर बिळाचं काय जातं!

आणि तो रंग कसा येतो माहितीये? न शिजवून. हो, न शिजवून. पालकाला गरम पाणी नुसतं दाखवायचं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. ढोबळी मिरची कच्चीच, वरून तेलाचा हात, म्हणजे चकाकते. राजमा भिजवायचा आणि नुसता कोमट पाण्यात ठेवायचा, उकळायचा नाही, कारण उकळला की साल फुटते आणि साल फुटली की कॅमेऱ्यात तो ‘गरीब’ दिसतो म्हणे. राजमा गरीब दिसतो! म्हणून आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची दोन पातेली. एक कॅमेऱ्याचं, एक घरचं. घरचं मी करते, तुम्ही बघता ते कॅमेऱ्याचं. टाकून नाही देत हो, माजलो नाही तेवढे — शूटिंग संपलं की कॅमेऱ्याचं पातेलं मी परत कुकरला लावते, चांगलं मऊ करते, दुसऱ्या दिवशी तेच जेवायला. म्हणजे एका भाजीला दोनदा राबायचं, एकदा तिच्या नावाने, एकदा पोटाच्या नावाने.

मग गोंधळ होत नाही का? झाला होता, सुरुवातीला. आबांनीच एकदा कॅमेऱ्याचे वाटाणे तोंडात टाकले, कवळी बाहेर आली, सगळे हसलो. तेव्हा आबांनीच ही पद्धत पाडली — कॅमेऱ्याच्या पातेल्यावर झाकण उलटं ठेवायचं, मूठ आत. उलटं झाकण म्हणजे हात लावायचा नाही, अजून शिजायचंय. सरळ झाकण म्हणजे खुशाल वाढा. आमच्या घरातल्या पोरांनाही ठाऊक आहे. तेव्हापासून कधी चूक नाही. आबांना भारी कौतुक त्या शोधाचं. दिवसभर तिथेच तर असतात, स्वयंपाकघरात, टेबलाच्या टोकाची खुर्ची त्यांची, ओट्याकडे तोंड करून. पेपर वाचतात, मधेच एखादी बातमी मला मोठ्याने वाचून दाखवतात, मी ‘हं’ म्हणते. सासूबाई गेल्यापासून हे असंच. त्या घरात माझ्याशी बोलणारा तेवढा एकच माणूस आहे, आता काय लपवायचं तुमच्यापासून.

तर काल काय झालं — राजम्याचं सॅलड. शूटिंग झालं, ती आवरून बाहेर गेली, कुणाची तरी मुलाखत होती. झाकण राहिलं सरळ. बस, एवढंच. झाकण सरळ होतं, मी सरळ बघितलं, वाढलं. माझा काय दोष? जरा कचकच लागलं, बाकीच्यांनी दोन घास खाऊन बाजूला सारलं, दीर म्हणाला सॅलड असंच असतं. आबा चावतच नाहीत, गिळतात. आणि पुन्हा मागून घेतलं. मी वाढलेलं ते बघून खात नाहीत हो, ‘मोठीने वाढलं म्हणजे शिजलेलंच’ म्हणतात. मी? मी नव्हतं खाल्लं. डोकं दुखत होतं माझं. दुखू शकतं ना डोकं? डॉक्टर आज म्हणाले, न उकळलेला राजमा पोटाला विषासारखाच. आता हे कुणाला माहिती असतं? मला वाटलं, फार तर पोटात गुबारा धरेल — म्हणजे, कुणालाही वाटेल असं.

ती? ती आत आहे, त्यांच्या उशाशी. रात्रभर रडतेय. ‘वहिनी, मी झाकण उलटं ठेवलं होतं, मला आठवतंय’ म्हणत होती आधी. मग दीर ओरडला तिच्यावर, सगळ्यांसमोर, याच कॉरिडॉरमध्ये — तुझ्या त्या नाटकापायी माझा बाप मरायला टेकला म्हणून. माझा नवराही बोलला, जो कधी कुणाला काही बोलत नाही. मग म्हणायला लागली, विसरले असेन. आता म्हणते, विसरलेच. डॉक्टरांनाही तसंच सांगितलं, माझी चूक. सकाळी म्हणाली सगळं बंद करते, आता ओट्याला हात लावणार नाही. बरंच झालं की! मला काय वाईट वाटायचंय? चोर सोडून संन्याशाला — नाही, काही नाही. सहज आलं तोंडात.

अहो पण माणसाने किती ऐकून घ्यायचं? तुम्हीच सांगा. नको, तुम्ही नका सांगू, तुम्ही तिच्या बाजूच्या. काल दुपारी आबांचे जुने मित्र आले होते. मी भोपळ्याचं सूप दिलं दोघांना. भोपळा मी भाजलेला, आलं मी किसलेलं, मिरपूड आबांना किती लागते ते माझ्या बोटांना ठाऊक. मित्र म्हणाले, वा! आणि आबा काय म्हणाले? ‘आमच्या धाकटीच्या हाताला चव आहे. फोनवर येते ती.’ मी तिथेच उभी, हातात ट्रे घेऊन. चेष्टा नाही, विसरलेले नाहीत — त्यांना खरंच तसं वाटलं. दुसरं कुणी म्हणालं असतं तर सोडून दिलं असतं मी, नवऱ्याला तर अजून माझी भाजी कुठली आणि हॉटेलची कुठली ते कळत नाही. पण आबा! रोज समोर बसून बघतात ना मला राबताना? मग काय बघत होते एवढी वर्षं, पेपर? म्हटलं, आहे ना चव धाकटीच्या हाताला? मग खा आज धाकटीच्या हातचं, अगदी कॅमेऱ्यातलं. थू थू करतील, कळेल सगळ्यांना एकदाचं, या घरात शिजवतं कोण. एवढंच. त्यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं, कुणाचीही शपथ घ्यायला सांगा. झाकण सरळ करून मी पातेलं टेबलावर —

काय? नाही. तसं नाही म्हणाले मी. झाकण सरळ होतं, असं म्हणाले. सरळ होतं आणि मी पातेलं टेबलावर ठेवलं. कान साफ करा जरा, तुमच्या त्या फोनने बहिऱ्या झालात. आणि असं काय बघताय माझ्या हाताकडे? मघाशी दाखवला ते चुकलंच माझं, हात दाखवून अवलक्षण. मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही मला ओळखत नाही, तुमच्या मालकांचं पित्ताशय गेलं, माझं डोकं गेलंय रात्रभर जागून. जागरणात माणूस काहीही बरळतं. सांगाल कुणाला? कुणाला सांगाल? कोण विश्वास ठेवेल, त्या घरात इतकी वर्षं सगळ्यांच्या पोटाचं बघणारी मी —

गप्प. ती येतेय. एक अक्षर बोलायचं नाही, सांगून ठेवते.

काय गं? काय झालं? अशी का पळत आलीस — नीट सांग, हुंदके नंतर दे. डोळे उघडले? बोलले? खरंच? देवा रे. चांगलं बोलले ना, ओळखलं ना सगळ्यांना? मग रडतेस काय वेडे, इतकी चांगली बातमी आणि — काय मागितलं? मऊ भात? डॉक्टर हो म्हणाले? माझ्या हातचा? मोठीच्याच हातचा, असं म्हणाले? करते. आत्ता जाते घरी, असा घोटते की पाण्यासारखा जाईल घशाखाली. पिशवी कुठे ठेवली मी — आणखी काय म्हणाले? काय सांगितलंस तू त्यांना? झाकणाचं? अगं, शुद्धीवर आलेल्या माणसाला पहिलं तेच सांगायचं असतं का? माफी कसली मागतेस, नंतर मागितली असतीस. मग? काय म्हणाले मग?

परत सांग.

‘तिला कुणी बोलू नका, झाकण मी सरळ केलं’? आबा म्हणाले असं? भ्रमात असतील गं. ग्लानीत असतील. ओट्यापाशी आले कुठे ते काल? जागचे हललेच नाहीत संध्याकाळी, पेपरसुद्धा वाचत नव्हते, हात मांडीवर ठेवून नुसते खुर्चीत बसले होते, माझ्याकडे तोंड करून.

हं. काही नाही. पिशवी सापडली, ही काय बाकाखाली. तू जा आत. एकटं नको ठेवू त्यांना, हात धर त्यांचा. आणि म्हणावं, मोठी भात आणतेय. जा म्हणते ना.

तुम्ही काय बघताय? उठा इथून. तिकडे खिडकीपाशी बाक रिकामा आहे, तिथे जाऊन बसा. आणि ते लावा तुमचं परत. मोठ्या आवाजात लावा.