दहा मेला एर्लिंदा घरी नसते

...आणि वर गल्लीतले मलाच विचारतात, 'काकू, तुमच्या दारात कोण गायलं?' आता काय सांगू? तुम्हाला सांगते, इथे मेक्सिकोत, आमच्या तोरेऑनमध्ये, दहा मे म्हणजे आयांचा दिवस, वर्षभर फोन न करणारी कार्टीसुद्धा त्या सकाळी गाणारे ठरवून आईच्या खिडकीखाली उभे करतात, आणि माझी तर लेकच गाणारी, म्हणजे घरचंच गाणं... पण दहा मेला एर्लिंदा घरी नसते.

एर्लिंदा हे माझ्या सासूचं नाव, तेच लेकीला ठेवलेलं. तिचा तो मॅनेजर उर्रुतिया म्हणाला, 'बाई, एर्लिंदा म्हटलं की शिवणकाम करणारी मावशी डोळ्यांसमोर येते, हिला दालिया म्हणू.' म्हणा बापडे! आणि दालियाचं पहिलंच गाणं गाजलं ते कशावर? तर आईच्या हातांवर. अख्खा देश रडला. आमची शेजारीण ओतिलियाबाईसुद्धा रडली, जिचा स्वतःच्या आईशी अकरा वर्षं अबोला. झालं, तेव्हापासून दर दहा मेला ही कधी मॉन्तेर्रेला, कधी पुएब्लाला, एकदा तर एका दिवसात चार गावं, आणि ज्या हातांवर गाणं ते हात इथे भांडी घासतायत. टीव्हीवाला विचारणार, 'दालिया, आई बघतेय का?' की ही हसून हात हलवणार. मीही हलवायचे... स्वयंपाकघरात, एकटी, साबणाच्या हाताने. वेडी म्हणा. एकोणीस वर्षं ग्वादालुपेच्या मातेकडे एकच मागणं, एकदा, फक्त एकदा दहा मेला एर्लिंदा घरी असू दे.

अहो, काय मागावं याची अक्कल नको माणसाला?

मग त्या नव्या पोरी आल्या, कानात कुजबुजल्यासारखं गाणाऱ्या. स्टेडियमं गेली, नाट्यगृहं आली, तीही गेली, शेवटी एका गाद्यांच्या दुकानाचं उद्घाटन. मी काही बोलायच्या आत हीच म्हणते, 'गाद्या चांगल्या आहेत गं आई.' आणि गेल्या वर्षी दहा मेला सकाळी आठ वाजता ही दारात, हातात केक. 'सगळ्यांना नाही म्हटलं या वर्षी. म्हटलं, आईबरोबर राहायचं.'

कोणाला सांगतेस बाई? फोन ताटाशेजारी उताणा ठेवलेला, दर घासाला त्याच्याकडे नजर. वाजला एकदाच. झडप घालून उचलला, तर कोणी तरी विचारतंय, 'आपल्या आईसाठी नवीन प्लॅन हवाय का?' मग माझ्यासाठी गायली, हो, गायली ना! पण आधी उठून खिडकी लावून घेतली... शेजाऱ्यांना कळू नये दालिया घरी आहे म्हणून. आणि इतकं हळू गायली की मला रडूच आवरेना. तिला वाटलं, आनंदाने रडतेय. एकोणीस वर्षांत वाटलं नसेल एवढं एकटं मला त्या दिवशी वाटलं, लेक समोर बसलेली असताना.

मग काय, यंदा एप्रिलपासूनच कंबर कसली. आधी ओतिलियाबाईकडे. म्हटलं, 'तुझ्या नीकानोरला सांग, या खेपेला तुझ्यासाठी माझ्या लेकीला बोलवू दे. पण मी आले होते हे कुठे बोलायचं नाही.' तर ही नाक वर करून, 'अगं, माझ्या मुलाने मारियाची गाणारे-वाजवणारे ठरवलेत, चांगले आठ जण, टोप्यांसकट.' म्हटलं, आठ कशाला, आई तर तू एकटीच आहेस! शेवटी मोलेच्या, म्हणजे मिरच्यांच्या दाट रश्श्याच्या, पातेल्यावर तयार झाली, तेही टर्की घातलेलं हवं म्हणाली. अशी नऊ घरं केली मी, मिरच्या भाजून भाजून डोळ्यांची वाट लागली.

आणि दहा मेला सकाळी आमची दालिया चमकीचा झगा घालून गल्लीत! ओतिलियाबाईच्या दारात, मग शिंप्याकडे, मग कोपऱ्यावरच्या नर्सबाईकडे... आवाज तोच हो, तसाच! लोक गच्च्यांवर, पोरं मागे मागे, नीकानोर मेला स्वतःच्या आईला मिठी मारून हुंदके देतोय. चौकापलीकडून दोन बोलावणी आली, ती तर मी लावलेलीही नव्हती. मी आपली खुर्ची खिडकीशी ओढून ऐकत बसले. तीन घरं पलीकडून चांगलं ऐकू येतं.

ऊन उतरल्यावर घरी आली. घसा बसलेला, झग्याची कड उसवलेली, चेहरा मात्र कितीतरी वर्षांत न पाहिलेला. 'आई, विसरली नाहीत गं माणसं मला! फक्त तुझ्याकडे यायचं तेवढं राहिलं... पुढच्या वर्षी नक्की.'

म्हटलं, 'काही घाई नाही गं बाळा. मी कुठे पळून चाललेय?'

पुढच्या वर्षासाठी मागची गल्लीही धरून ठेवलीये मी.