बागेच्या फेऱ्या

कोथरूडला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी काकू, त्यांच्या पलीकडे पेपर उघडून एक काका.

“मुक्ताबाई, पृथ्वीला सोबती सापडलाय. छोटासा दगड आहे.”

“चंद्र असताना?”

“तो चंद्रासारखा पृथ्वीभोवती नाही फिरत. फिरतो सूर्याभोवतीच, पण हिच्या बरोबरीनं.”

“म्हणजे तुमच्यासारखा, आप्पासाहेब. तुम्ही फेऱ्या मारता बागेला आणि सोसायटी म्हणते, माझ्याभोवती फिरता.”

“म्हणू दे. हा साठ वर्षं सोबत होता, कोणाला पत्ता नव्हता.”

“आणि पुढे?”

“अजून साठेक वर्षं राहील, म्हणतात.”

“तेवढी पुरतील मला. फक्त उद्यापासून जरा हळू चाला. तुमच्या बरोबरीनं चालूनच गुडघे गेलेत माझे.”