नियंत्रकाने खटका का दाबला नाही, याबाबत

जबाब देणार: वय ६८ वर्षे, धंदा पूर्वी चित्रपटगृहात प्रोजेक्टर ऑपरेटर, आता निवृत्त, राहणार बंद पडलेल्या चित्रपटगृहामागची गल्ली, दुसरा मजला. सगळे ऑपरेटर म्हणूनच ओळखतात.

मी ठाण्यात माझ्या पायांनी आलो आहे. विचारलेले आणि न विचारलेले असे दोन्ही सांगतो, ते येणेप्रमाणे.

काल रविवारी दुपारी दोन वाजता वाचनालयाच्या सभागृहात फिल्म क्लबने एक जुना विज्ञानपट दाखवला. साधारण साठ माणसे हजर होती. नंतर एका प्राध्यापकांचे व्याख्यान होते. विषय, कथेतली भोके. फिर्याद याच प्राध्यापकांची आहे.

चित्रपट असा. जमिनीखाली एक वसाहत आहे. तिथली हवा एका माणसाच्या ताब्यात आहे, त्याला नियंत्रक म्हणतात. तो खलनायक आहे, हे मला मान्य आहे. बंडखोर पूर्वेच्या बोगद्यात शिरतात. नियंत्रकाने एक खटका दाबला तर बोगद्याची हवा बंद होऊन सगळे जागीच मरतील. तो खटक्यावर बोट ठेवून बसतो आणि दाबत नाही. बंडखोर वर येऊन त्याला मारतात.

प्राध्यापक म्हणाले, "एवढा पाताळयंत्री माणूस, आणि बटण दाबायचंच विसरला. लेखकाला हिरो जिवंत ठेवायचा होता, दुसरं काय." लोक हसले. त्यांनी तो प्रसंग पडद्यावर तीन वेळा लावला. लोक तिन्ही वेळा हसले.

नियंत्रकाचे काम केलेले गृहस्थ तिसऱ्या रांगेत बसले होते. क्लबनेच त्यांना पाहुणे म्हणून बोलावले होते. त्यांचे बाजारात घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. या चित्रपटानंतर त्यांनी पुन्हा कुठे काम मागितले नाही. गेली अडतीस वर्षे येणारे-जाणारे त्यांना "काका, दाबा की खटका" म्हणून चिडवतात. काल तेही लोकांबरोबर हसले. चष्मा काढून पुसला आणि परत हसले. घरी बोलावून माणसाचा असा पाणउतारा करायचा, ही कुठली रसिकता, असे मला वाटले व अजून वाटते.

तेव्हा मी उठलो. म्हणालो, "सर, तो विसरलेला नाही." ते म्हणाले, "आजोबा, प्रश्न शेवटी." मी म्हणालो, "माझा प्रश्न नाहीये. उत्तर आहे." त्यांनी प्रसंग चौथ्यांदा लावला, म्हणून मी भिंतीतली वायर उपटली. वायरीबरोबर लॅपटॉप खाली आला. ते माझ्या हातून झाले. प्राध्यापकांना मी धक्का दिलेला नाही. ते लॅपटॉप धरायला वाकले आणि व्यासपीठाच्या पायरीवरून घसरले. हात उगारायचा असता तर मी तिसऱ्या वेळेपर्यंत थांबलो नसतो.

आता न विचारलेले. ज्या नळातून बोगद्याला हवा जाते, त्यातूनच वसाहतीच्या दवाखान्याला जाते. तिथे बावीस माणसे आहेत. खटका दाबला की आधी ती मरणार. नियंत्रक हे बाहेर कोणाला सांगत नाही, कारण बंडखोरांना कळले तर ते दवाखान्याचीच ढाल करतील. हे सगळे चित्रपटात होते. अकराव्या रिळात, चार मिनिटे दहा सेकंद. ते मी कापले.

चित्रपट लांब होता, दिवसाला चार खेळ बसत नव्हते. मालक म्हणाले, चार-पाच मिनिटे खा. गाणे कापले तर पब्लिक खुर्च्या फाडते, मारामारी कापली तर पडदा. म्हणून ऑपरेटर नेहमी बोलण्याचा प्रसंग कापतो. तुकडा कागदात गुंडाळायचा, वर रिळाचा नंबर घालायचा आणि रिळांची पेटी वितरकाकडे परत जाण्याआधी जोडून द्यायचा, ही रीत. पेटी न्यायला गाडी एक दिवस आधी आली. मी जेवत होतो. वरूनच ओरडलो, घेऊन जा. दुसऱ्या गावांत प्रती आहेतच, अशी मनाची समजूत घातली. तुकड्याचा पुढे डब्यात चिकटून गोळा झाला, वास मारू लागला, तेव्हा बायकोने फेकला.

काल सुरुवातीलाच प्राध्यापकांनी सांगितले की बाकी सगळ्या प्रती नष्ट झाल्या, ही आपल्याच चित्रपटगृहातून परत गेलेल्या पेटीतली आहे. त्यानंतर पूर्ण चित्रपटभर मी गप्प बसून होतो, हेही लिहावे. एकदा घड्याळ दुरुस्तीला दिले असता ते गृहस्थ मला म्हणाले होते, "माझा एक बरा प्रसंग होता. दिग्दर्शकाला पसंत पडला नसावा." मी घड्याळ घेऊन घरी आलो. मला लाज वाटते.

लिहून घेणारे हवालदार म्हणतात, याचा फिर्यादीशी संबंध नाही. माझे म्हणणे, खरा गुन्हा घडला तो त्या कापण्यातच. प्रसंग मला पाठ आहे. तो या कागदावर घ्यावा, कारण आता तो दुसरीकडे कुठेही नाही.

नियंत्रक खोलीत एकटा आहे. मदतनीस बाई आत येते. म्हणते, "साहेब, ते बोगद्यात शिरले. दाबा." तो विचारतो, "दवाखान्यात किती आहेत?" "बावीस." "हलवायला किती वेळ लागेल?" "तेवढा वेळ नाही." तो खटक्यावर बोट ठेवतो. म्हणतो, "बाहेर सांग, साहेब विचार करताहेत." बाई म्हणते, "लोक तुम्हाला मूर्ख म्हणतील." तो म्हणतो, "म्हणू देत." बाई जाते. पुढे एक मिनिट कोणी बोलत नाही, फक्त त्याचा चेहरा दिसतो. असे काम मी केबिनच्या खिडकीतून पुन्हा पाहिले नाही.

हवालदारांनी हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे होते. सदर घड्याळवाले गृहस्थ मला जामीन राहण्यासाठी आले असून बाहेरच्या बाकावर बसले आहेत, त्यांनीही तो ऐकला. ते बाकावरून उठले. मग दारात येऊन म्हणाले, बावीस नव्हे, तेवीस. त्या दिवशी सकाळी दवाखान्यात एक मूल जन्मलेले असते. हे मी विसरलो होतो. तरी वर जिथे बावीस आहे तिथे तेवीस वाचावे. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.