फुकटचे सर

जोयड्याच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक मावशी नि तिची कॉलेजातली भाची बसल्या होत्या.

“रक्षिता, तुझे अप्पा म्हनत्यात, फुकटचा कोर्स मोबाइलवर हाय, मग रोज दांडेलीला जातीस कशाला?”

“मावशी, विद्यापीठच आता त्याचे मार्क धरतंय. सर वर्गात तोच व्हिडिओ लावत्यात.”

“आगं बया! म्हंजे सरांना पगार नुसता बसायचा?”

“बसत्यात कुठलं! रिमोट घिऊन उभं असत्यात. पडद्यावरचा मास्तर इंग्रजीत सुसाट सुटला, की बंद करत्यात नि आपल्या भाषेत सांगत्यात.”

“आनि तुला कळतं कवा?”

“बंद केल्यावर.”

“व्हय? मग ऊठ, गाडी आली. अप्पाशी मी बोलते.”