राहणाऱ्यांची संख्या

वडील : ‘उजव्या पायाची निळी चप्पल जिन्यात सापडली आहे. ओळख पटवून न्यावी.’

वडील : ‘तरणतलावात उतरण्यापूर्वी सदर व्यक्तीने आंघोळ करावी. अन्यथा कारवाई करण्यात येईल.’

वडील : ‘बुधवारी टाकी धुणार. मंगळवारीच बादल्या भरून ठेवाव्यात.’

वडील : ‘बासरी वाजवणाऱ्याने दुपारी दोन ते चार कृपा करावी.’ आणि त्याच्याखाली पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात : ‘आता बरी वाजते.’

मुलगी : बाबा, सकाळपासून तीन सोसायट्या बघितल्या आणि तुम्ही वहीत हे उतरवून आणलंत?

वडील : फळ्यांवरच्या सूचना आहेत. तू काय आणलंस?

मुलगी : तक्ता. पाणी किती तास, लिफ्ट किती, वीज गेली तर काय. तिन्हींना समोरासमोर गुण दिलेत.

एजंट : मॅडमचा तक्ता एक नंबर आहे. काका, सूचना वाचून कोणी फ्लॅट घेतं का?

वडील : पस्तीस वर्षं प्रूफं तपासली मी. माणूस तोंडाने गोड बोलतो, कागदावर सापडतो. पहिली सोसायटी घ्या. काचेची पेटी, आत छापील सूचना सात. सातही ‘अन्यथा’वर संपतात.

एजंट : शिस्त आहे तिथे.

वडील : शिस्त असती तर सात लागल्या नसत्या.

एजंट : बरं, दुसरी. एकदम शांत.

वडील : फळ्यावर एकच सूचना, दोन वर्षांपूर्वीची. तीही एका टाचणीवर लोंबकळतेय. तिथे भांडायलासुद्धा कोणी कोणाला भेटत नाही.

एजंट : मॅडम, तुम्ही वडिलांना आणलंय की विरोधी पक्षाला?

मुलगी : माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायच्या आधी ते बाईंच्या शेऱ्यातली वेलांटी दुरुस्त करायचे. दरवेळी. मी वर्गात तोंड लपवून बसायचे.

वडील : बाईंनी पुढे आभार मानले होते.

मुलगी : बाईंनी बदली मागितली होती.

वडील : तू हीच घे, बाळ. आत्ता उभे आहोत ती. हॉल लहान आहे, मान्य. पण इथे सूचनेखाली लोक उत्तर लिहितात. ड्यूटीवरून आलीस, अंगात ताप आहे, तर शेजारचं दार ठोठावता येईल.

मुलगी : ही बाद आहे. गेटपासून लिफ्टपर्यंत अकरा पायऱ्या.

वडील : तुला अकरा पायऱ्यांचं काय? तू दोन-दोन चढतेस.

मुलगी : तुम्ही नाही चढत. येताना सहाव्या पायरीवर थांबलात.

वडील : तिथून फळा दिसतो. आणि मी काय, पाहुणा. वर्षातून चारदा येईन, टेकत टेकत.

एजंट : ते तुम्ही ठरवा. तिन्हीकडे फॉर्म सारखाच असतो, मी तेवढा भरून घेतो. राहणाऱ्यांची संख्या?

वडील : एक.

मुलगी : दोन.

एजंट : एकच आकडा सांगा.

मुलगी : दोन.

वडील : दाखव तो तक्ता. ‘बाकं, सावलीत.’ ‘दवाखाना, पायी.’ ‘बाथरूममध्ये धरायला दांडी.’ अगं, तू कोणासाठी घर बघतेयस?

मुलगी : आणि तुम्ही? आणा ती वही. ‘बसस्टॉपपासून रस्त्यावरचे दिवे नऊ, चालू आठ.’ ‘पहारेकरी जागा होता.’ हे कोणासाठी?

वडील : तुझ्यासाठी. घर तुझं आहे.

एजंट : मी जरा खाली जाऊन येतो. किल्लीचं बघायचंय.

(एजंट जातो. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमू लागतात.)

वडील : किल्ली त्याच्या हातातच होती.

मुलगी : विषय बदलू नका.

वडील : मला खोली आहे.

मुलगी : दुसऱ्या मजल्यावर. नळ बाहेरच्या पॅसेजमध्ये.

वडील : असू दे. कोणी विचारलं, कुठे राहता, तर सांगता येतं. तुझ्याकडे आलो की लोक विचारणार, वडील हल्ली कुठे असतात? मुलीकडे असतात. माणूस राहतो, बाळ. असते ती छत्री.

मुलगी : एका क्रियापदासाठी तुम्ही नाही म्हणताय?

वडील : तुझा मामा बघ. मुलाकडे असतो. कपाटात एक कप्पा, खुर्ची गॅलरीत. टीव्हीचा आवाज किती ठेवायचा ते नातू सांगतो.

मुलगी : मामाला विचारलं नव्हतं कोणी. सामान बांधून नेलं. मी विचारतेय.

वडील : दया येऊन विचारतेयस.

मुलगी : नाही. दिवसभर मी माणसांना मशीनसमोर उभं करते आणि सांगते, श्वास रोखा, हलू नका. मग हॉस्टेलवर येते, कुलूप काढते, दिवा लावते. मला कुलूप काढायचा कंटाळा आलाय. बेल वाजवून घरात शिरायचंय.

वडील : आणि दार मी उघडायचं.

मुलगी : उघडायचं. उशीर का झाला म्हणून कटकटही करायची.

वडील : ती जमते मला.

मुलगी : माहीत आहे.

वडील : शब्दकोशांची दोन कपाटं आहेत.

मुलगी : मोठी खोली घ्या.

वडील : मोठी नको. मागची दे, खिडकीतून उजेड येतो तिथे. आणि टीव्हीचा आवाज?

मुलगी : तुमच्या हातात. माझ्या सुट्टीचा दिवस सोडून.

वडील : ही अट आत्ता घातलीस.

मुलगी : लेखी देऊ?

एजंट : येऊ का आत? मिळाली किल्ली.

वडील : या. फॉर्म द्या इकडे, पेनही. हे काय? ‘मालकासोबत असणाऱ्या व्यक्तींचा तपशील.’

एजंट : काका, खोडू नका, छापील आहे.

वडील : म्हणून तर. ‘असणाऱ्या’ काढलंय, ‘राहणाऱ्या’ केलंय. समासात खूण आहे. पुढच्या वेळी छापताना बघा.

एजंट : बघतो. मग संख्या?

वडील : दोन.

एजंट : आणि सोसायटी?

मुलगी : दुसरी. तिथे पायऱ्या नाहीत.

वडील : ही. कठडा दोन्ही बाजूंनी आहे. आणि मला कुठे गाडी पकडायचीय?

मुलगी : गुडघे तुमचे आहेत.

वडील : घर दोघांचं आहे.

मुलगी : हीच लिहा.

एजंट : लिहिली. मी बोलणी सुरू करतो.

वडील : आता आमच्या घरमालकांना सांगायला हवं. एकदम नाही, हळूहळू. वाईट वाटेल त्यांना, इतका जुना भाडेकरू सोडून चालला म्हणून.

मुलगी : मार्चमध्ये ते माझ्याकडे खांद्याचा एक्स-रे काढायला आले होते. तुमची इमारत पाडणार असल्याची नोटीस त्याच सकाळी जिन्यात लावून आलो, म्हणाले.