शेजारची खुर्ची

हॅलो? … कोण? … जरा मोठ्यानं बोला, मशीन चालू आहे… थांबा, पाय काढते… हां, आता बोला.

अगं धाकटे, तू होय! आणि हा नंबर कुणाचा? … साहेबांच्या सेक्रेटरीचा? तुझा कुठे गेला? … चार्जिंगला. बरं बरं. मला वाटलं, पुन्हा तोच 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणायला आलाय. मी त्यांना फोन करत नाही, तोच मला करतो आणि साहेब नाहीत म्हणून मलाच सांगतो!

हो, दुकानातच आहे. दुसरं कुठे असणार? तुझ्या नवऱ्याचा पडदा शिवतेय. … तोच गं, कोनशिलेवरचा. जांभळी मखमल, दोरी ओढली की बाजूला सरकतो तो. उद्या सकाळी हवा म्हणून तुमचा शिपाई दोनदा डोकावून गेला. एवढासा तर पडदा… आणि हो, तुझ्या बैठकीच्या खोलीचेही तयार आहेत. पुन्हा आखूड केलेत. पण एक सांगते धाकटे, आता बास. दर महिन्याला चार बोटं, दर महिन्याला चार बोटं. अजून एकदा कापले तर पडदे नाही, रुमाल म्हणावं लागेल त्यांना.

काय? … ऐकलंस? सगळं ऐकलंस? पोरींची नऊच्या नऊ गाणी? अगं मग आधी ते सांग ना! कधी? कसं वाटलं? … नाही, तू आधी सांग… नको, मीच सांगते, माझ्या पोटात मावत नाहीये. काल औषधाच्या दुकानात गेले, तर तो काउंटरवरचा गोळ्या मोजता मोजता आमचंच गाणं गुणगुणतोय! मी म्हटलं, हे माझ्या लेकीचं आणि सुनेचं आहे. तर त्यानं मला खुर्ची दिली बसायला. मला! बावीस वर्षं त्याच्याकडून औषधं नेतेय, त्या दुकानात खुर्ची आहे हेच मला माहीत नव्हतं.

हो, हो… अगं ऐक ना. कुठल्या कंपनीबिंपनीच्या दारात गेल्या नाहीत दोघी. सगळं इथे, माझ्या मागच्या गोदामात. मखमलीच्या गठ्ठ्यांमध्ये आवाज घुमत नाही म्हणे. मी म्हटलं, अगं तिथे मला शिंकता येत नाही धुळीनं, तुम्ही गाणार कशा? पण नणंद गिटार घेऊन एका गठ्ठ्यावर, भावजय ड्रम घेऊन दुसऱ्या. आणि आमचे चिरंजीव? त्यांचं काम वायरी गुंडाळायचं. बायको आणि बहीण वाजवतायत, हा वायरी गुंडाळतोय. इतकं गुणी पोरगं मी जन्माला घातलं असेल असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

आणि दुसऱ्या गाण्यात, ड्रमच्या आधी, ते टकटकटकटक येतं ना? … काय वाटलं तुला, ते काय आहे? … माझं मशीन! हो गं, हेच, पायाचं. सूनबाई म्हणाली, आई, असा ताल मला काठ्यांनी नाही जमत, तुम्हीच बसा. चार वेळा शिवला तोच तुकडा. आता त्या अल्बममध्ये मी आहे. मेले तरी आहे.

'चौकशी समिती' ऐकलंस? सात मिनिटं नुसतं वाजतंय, वाजतंय, आणि शेवटी काहीच निघत नाही! मी आधी मिठूला म्हटलं, अगं शब्द टाकायचे विसरलात. तर म्हणे, आई, तेच तर गाणं आहे. … आणि ते विरोधकांवरचं, 'आम्ही असतो तर आम्हीही हेच केलं असतं'… नाही, कुणालाच सोडलं नाही पोरींनी. मिठूनं आवाज काय काढलेत एकेकाचे! लहानपणापासून नकला करते म्हणून तर मिठू नाव पडलं. तेव्हा मी ओरडायचे, पाहुण्यांची नक्कल करू नये म्हणून. आता तिनं अख्ख्या शहराचा कारभार नकलेत बसवलाय, आणि मी बसलेय कौतुक करत.

हं… बोल, बोल. मीच बोलत सुटलेय. तू कशासाठी केला होतास फोन?

काय म्हणालीस? … साहेबांनी ऐकलं? … कुठलं? … 'तुमच्यासारखे तुम्हीच'?

… आवडलं?

नाही नाही, काही नाही, सुई टोचली. … गाडीवरच्या भोंग्यावर लावलंय? सकाळपासून? … बरं. छान. … म्हणजे ते फक्त 'साहेब, साहेब, तुमच्यासारखे तुम्हीच' एवढंच लावलंय, की त्याच्या पुढचंही? … पुढचंही. 'एकाच पुलाला तीनदा जन्म देणारे' हेही? … आणि काय म्हणाले ते त्यावर? … तीन टप्प्यांत काम केलं त्याचं कौतुक आहे म्हणाले. … हो… तसंही म्हणता येईल.

उद्या? उद्या कुठे? … पुलावर?! मंचावर?! … अगं पण धाकटे, मिठूचा घसा बसलाय. … आत्ता? आत्ता ती गातेय ते… ते घसा साफ करतेय. … हो, ड्रमसकट. … आणि सूनबाईला उद्या जमणार नाही, तिला… तिला दात काढायचाय. … कसं शक्य आहे? … पोरींनी होकार दिलाय? कधी? कुणाला? … अगं मला कुणी काही सांगत का नाही या घरात!

थांब. थांब जरा. तिथे कोण आहे तुझ्याजवळ? … मग बाहेर ये. जिन्यात ये, गॅलरीत ये, कुठेही ये. … आलीस? दार लावलंस?

धाकटे, आता मी काय सांगते ते शांतपणे ऐक, आणि नंतर मला काय बोलायचं ते बोल. ते गाणं कौतुकाचं नाही. … टिंगल आहे. साहेबांची. सगळा अल्बमच टिंगल आहे, पण ते एक तर सरळसरळ त्यांच्यावरच आहे. आणि त्याला जबाबदार मी आहे, पोरींना बोलू नकोस. पहिल्या उद्घाटनाचा पडदा मी शिवला, लाल. दुसऱ्याचा शिवला, निळा. तिसऱ्याचा हिरवा. घरी जेवताना मीच म्हटलं, अगं पूल एक आणि पडदे तीन झाले. मिठूनं घास तसाच ठेवला आणि गिटार आणायला पळाली. आता हा चौथा, दिव्यांच्या उद्घाटनाचा. रस्ता ओलांडायचा पूल, पण तो अजून पलीकडे उतरतच नाही! लोक चढतात, वर हवा खातात आणि आले त्याच बाजूनं खाली येतात. माझ्या दुकानातून दिसतं ना मला. परवा एक आजी दोन पिशव्या घेऊन वर गेली. पलीकडच्या टोकाला कठड्याशी उभी राहिली बराच वेळ. मग आली परत खाली, आणि रस्त्यातूनच गेली गाड्या चुकवत.

आता उद्या तिथे पोरींनी ते गाणं म्हटलं आणि समोरची माणसं हसायला लागली की साहेबांना कळणार. सगळ्यांसमोर कळणार. त्या दोघी गिटार उचलून घरी येतील. पण तुला त्या घरात राहायचंय, बाई. मला पोरींचा अभिमान आहे, खूप आहे, पण त्याची किंमत तू भरायची हे मला चालणार नाही. …

हॅलो? … धाकटे? … आहेस ना? … रडतेस?

… हसतेस?!

काय कळलं होतं? … पहिल्याच दिवशी? … मग त्यांना का नाही सांगितलंस? … अगं पण…

नाही, 'शेजारची खुर्ची' ते गाणं वेगळं. ते टिंगलीचं नाही म्हणजे, आहे, पण ते ऐकून मला रडू आलं होतं. सगळ्यात चांगलं तेच आहे. 'मी खुर्चीवर, खुर्ची मंचावर, मंच पुलावर, पूल कागदावर.' मी मिठूला म्हटलं, तुला कसं गं सुचलं हे? तर म्हणे, आई, शब्द आमचे नाहीत. कुणाचे विचारलं तर दोघी गप्प. वचन दिलंय म्हणे. माझी लेक आणि गप्प! मला वाटलं, कुणीतरी कॉलेजातला…

काय तिसरं कडवं? त्याला दोनच कडवी आहेत. 'टाळी वाजव म्हटलं की वाजवते, हसू पुसून पुन्हा नव्यानं लावते', आणि संपतं. … लांबलं म्हणून काढलं? तुला काय माहीत, काढलं ते? … म्हण… म्हण की, ऐकतेय…

'फीत त्यांची… कात्री त्यांची… माइक त्यांचा… खोकला आला, तर तेवढा माझा.'

…

धाकटे.

तू?

अगं म्हणजे ते पडदे… दर महिन्याला आखूड करायला आणायचीस ते… मला म्हणायचीस, तू कर तुझं काम, मी मागे जाऊन पोरींशी बोलते… आणि मी मेली इकडे चार चार बोटं मोजून कापत बसले! चांगले लांबरुंद पडदे होते ते! … हसू नकोस. … हस. हस, हस. किती दिवसांनी ऐकतेय तुझं हे हसू. फोटोंमधलं ते दुसरंच असतं.

शाळेत मुख्याध्यापिकाबाईंवर कडवं केलं होतंस ते आठवतं? … तू केलंस आणि अंगठे धरून उभी मी राहिले! मला तेव्हाही राग आला नव्हता. मनात म्हणत होते, यमक काय जुळवलंय पोरीनं. … नाही, कधी सांगितलं नाही. आज सांगतेय. मला आज माझ्या लेकीचा जेवढा अभिमान आहे ना, त्याहून तुझा जास्त आहे. तिला मागे गोदाम होतं, सूनबाई होती, मी होते. तू तिथे त्या खुर्चीवर बसून केलंस हे.

मग उद्या काय करायचं म्हणतेस? … पोरी आधी साहेबांचं गाणं म्हणतील… मग 'शेजारची खुर्ची'… आणि तिसरं कडवं? … तू स्वतः?

विचार केलायस ना? … गेल्या उद्घाटनाचं मी विसरले नाहीये गं. पलीकडे पायऱ्या नाहीत एवढंच सांगायला उठली होतीस तू. 'बसा वहिनी, बसा, टाळ्या होऊ द्या', आणि माइक तुझ्या तोंडासमोरून खाली. मी पहिल्या रांगेत होते. तू बसलीस आणि टाळ्याही वाजवल्यास. मी त्या रात्री जेवले नाही.

… मग ते चिडले तर? … चिडू देत म्हणतेस. बरं. मग माझंही ऐक. दुकानावरची खोली रिकामी आहे, झाडून घेतलेली आहे. एक दिवस, एक महिना, तुला वाटेल तेवढं. पडदे तेवढे आखूड मिळतील. …

कोण? … आलेत? गॅलरीत? … काय विचारतायत? … दे, दे फोन त्यांना. घाबरू नकोस. मी नाही काही बोलत.

नमस्कार साहेब! … हो, हो, ऐकलं मी, भोंग्यावर लावलंत. … होय, पोरींनी मेहनत घेतलीय. … येतील ना, नक्की येतील. घसा? घसा एकदम मोकळा आहे. … हो साहेब, पडदा झाला, दोरी तेवढी राहिलीय. …

सत्कार? कुणाचा? … गाणी लिहिणाऱ्याचा. मंचावर. गुच्छ देऊन. … अं… बरीचशी मिठूनंच लिहिलीत, साहेब. पण सगळ्यात चांगलं जे आहे ते दुसऱ्या एका बाईचं आहे. … नाव? साहेब, एक काम करा. धाकटी शेजारीच उभी आहे ना? तिला विचारा, 'ताईनं नाव सांगावं का?' … विचारा तर.

… मान हलवली? कशी हलवली, आडवी की उभी? … नीट बघून सांगा साहेब, महत्त्वाचं आहे. …

उभी. बरं.

मग तिनंच लिहिलंय, साहेब. तुमच्या बायकोनं. … खरंच. … हो, अठरा वर्षं तुमच्या शेजारी बसते तीच. … मलाही आत्ताच कळलं. … आनंद तर होणारच, साहेब, मला तर काय करू नि काय नको असं झालंय. … नाही, गाण्यात काय आहे ते मी नाही सांगणार. तुम्ही उद्याच ऐका, सगळ्यांबरोबर. …

जरूर करा सत्कार. गुच्छ मोठा आणा. फक्त एक मागणं आहे माझं, साहेब. तुमचे चार पडदे शिवले, कधी काही मागितलं नाही. गुच्छ दिला की तिच्या हातातला माइक कुणी काढून घ्यायचा नाही. तुमच्या माणसांना आजच सांगून ठेवा. … दिला शब्द? … तुम्ही दिलात म्हणजे झालं. माझी बहीण शेजारी ऐकतेय.

काय म्हणालात? … हो हो, मनोगत म्हणून दोन शब्द बोलेल की…

नाही साहेब. दोन शब्दांत नाही व्हायचं तिचं.

ठेवते आता. दोरी ओवायचीय, उद्या पडदा मध्येच अडकायला नको.